डेटोरेट झालंय, चालेल अजून

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकच इंग्रजी शब्द मनापासून जवळ केला आणि त्या एका शब्दावर सगळ्या जगाचा कारभार चालवला. तो शब्द म्हणजे 'डेटोरेट'. शब्दकोशात तो असा सापडणार नाही. तिथे 'डिटिरिओरेट' असा लांबलचक, मधेच जीभ अडकवणारा शब्द आहे आणि 'हळूहळू खराब होत जाणे' असा त्याचा अर्थ दिलेला असतो. मी पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला, नव्या जावयाच्या उत्साहात, सासऱ्यांच्या देखत मी त्यांचा उच्चार सुधारायला गेलो. त्यांनी हातातली करंजी ताटलीत ठेवली, माझं सगळं ऐकून घेतलं, दोनदा 'डिटिरिओरेट, डिटिरिओरेट' असं अगदी बरोबर म्हणून दाखवलं आणि म्हणाले, "चांगला आहे. पण तो तुमचा शब्द, प्रोफेसर. पुस्तकातला. आमचा यार्डातला. आपण आपापला वापरू." आणि करंजी उचलून पुढे म्हणाले, "सारण जरा डेटोरेट झालंय, पण चालेल." त्या दिवसापासून मी त्यांचा प्रोफेसर झालो आणि ते माझे दादा.

दादा मूळचे शिरढोणचे. नोकरी न्हावा शेव्याजवळच्या एका यार्डात, कंटेनर सर्व्हेअरची. जगभर फिरून आलेले रिकामे कंटेनर तिथे परत येतात, तेव्हा त्यांची तब्येत तपासून अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. कंटेनरला पोचा पडला असेल तर तो 'डॅमेज', म्हणजे कुणीतरी आपटलाय, तेव्हा ज्याने वापरला त्याने दुरुस्त करून द्यायचा. पण पत्रा गंजला असेल, दाराचं रबर कडक झालं असेल, तळाच्या फळ्या झिजल्या असतील तर ते 'डेटोरेट', म्हणजे वयाने झालं, कुणाचा दोष नाही. हा फरक ओळखण्यात दादांचा हात धरणारा त्या यार्डात कुणी नव्हता म्हणतात. दादा स्वतःही तसंच म्हणत. कंटेनरच्या आत जाऊन बाहेरून दार लावून घ्यायचं आणि अंधारात उभं राहून पाहायचं, कुठून उजेड येतो का. सुईच्या अग्राएवढं भोक असलं तरी दिसतं. मग खिशातला खडू काढून त्याभोवती वर्तुळ. तीस वर्षं हे केल्यावर माणूस घरी आला तरी सर्व्हेअरच राहतो, याचा अनुभव आम्ही सगळ्या नातेवाइकांनी घेतला आहे.

आम्ही नवीन पनवेलला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला दादा आले ते खडू घेऊनच. भटजी होमाची तयारी करत होते तोवर यांनी तिन्ही खोल्यांच्या भिंतींवर अकरा वर्तुळं काढली. चार दिवसांनी बिल्डरचा माणूस जादा किल्ल्या द्यायला आला, ती वर्तुळं पाहून चरकला, "कुठल्या खात्याचे साहेब येऊन गेले?" म्हणून हळूच विचारलं आणि आठवड्याच्या आत सगळ्या भेगा बुजवून गेला. पण त्या दिवशीचा खरा प्रसंग वेगळाच. हिच्या एका मैत्रिणीने आहेराची साडी ठेवायला म्हणून बेडरूममधलं नवं कपाट उघडलं आणि आत दादा उभे. त्या बाईंनी अशी किंकाळी फोडली की भटजींच्या हातून पळी होमात पडली. दादा मात्र शांतपणे बाहेर आले, शर्टावरचा लाकडाचा भुसा झटकला आणि त्या थरथरणाऱ्या बाईंना म्हणाले, "कुठूनही उजेड येत नाही. माल ठेवायला हरकत नाही."

असा माणूस खरं म्हणजे किरकिरा असायला हवा. दिवसभर दोषच बघायचे म्हणजे दुसरं काय होणार? पण दादांचं उलट झालं होतं. एखादी गोष्ट 'डॅमेज' नसून 'डेटोरेट' आहे हे एकदा ठरलं की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं, कारण मग कुणाशी भांडायला नको. त्यांच्या सोसायटीत दोघा जणांची गाडीवरच्या ओरखड्यावरून गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली होती. दादा बाहेर आले, ओरखड्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला तांबूस गंज दोघांच्या नाकापुढे धरला आणि म्हणाले, "हा ओरखडा मागच्या पावसाळ्याआधीचा. आत गंज धरलाय. तुमचं भांडण कालचं. जुळत नाही." दोघेही निमूट घरी गेले. त्यांची स्कूटर, त्यांची छत्री, त्यांचं घड्याळ, सगळं त्यांच्याच भाषेत 'डेटोरेट झालेलं' होतं आणि सगळ्याला त्यांचं एकच प्रमाणपत्र होतं: "चालेल अजून." उरण नाक्यावरच्या मासळीबाजारात तर त्यांची ख्याती होती. पापलेटाचे कल्ले उचलून ते मान हलवत आणि म्हणत, "किंचित डेटोरेट." नेहमीची कोळीण उसळून म्हणायची, "ओ दादा, सकालचं मावरं हाय ह्ये! तुमी रोज येता न् रोज माज्या मावऱ्याला विंग्रजीत शिव्या देता!" आणि मग रोज तिच्याकडूनच ते घेऊन येत.

या शब्दाला घरात विरोध करणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची बायको. माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताईचं म्हणणं, इतके शब्द असताना माणसाने एकाच शब्दावर का जगावं? एकदा दादांनी तिच्या आवडत्या साडीला 'डेटोरेट' म्हटलं तेव्हा तिने त्यांना आमच्यादेखत सुनावलं होतं. "साडी विरते. रंग विटतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं. चप्पल झिजते, लाकूड किडतं, दूध नासतं, सुरी बोथट होते. ज्याचं त्याला नाव आहे. सगळ्यांना मेलं एकच काय ते डेटोरेट!"

"आणि माणूस?" दादांनी विचारलं.

"माणूस पिकतो," ताई म्हणाली. "तुमचंच काय ते होईना."

दादा इतके खूश झाले की तो संवाद त्यांनी पुढे वर्षभर येईल त्याला ऐकवला.

ते निवृत्त झाले आणि घरीच राहू लागले तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता ताईची धडगत नाही. पण झालं वेगळंच. साधारण वर्षभरात घरातल्या एकेक वस्तू बिघडू लागल्या. आधी टीव्ही. त्याचा आवाज पुरेना, इतका वाढवावा लागे की वरच्या मजल्यावरून निरोप आला. दादांनी निदान केलं, स्पीकर डेटोरेट झालाय. स्पीकर बदलला. मग दाराची बेल. दादा बाजारातून येऊन बेल वाजवत उभे राहायचे आणि ताई आत असून दार उघडायची नाही. बेल बदलली, नवी आणली ती अशी की ती वाजली की शेजारचे दार उघडायचे. मग ताईचा मोबाइल. मग कुकर. चार वेळा भात करपला, शिट्टी नीट होत नाही म्हणून दादांनी आधी शिट्टी बदलली, मग रबर बदललं, शेवटी कुकरच बदलला. दर वेळी मला फोन यायचा. "प्रोफेसर, हल्लीच्या वस्तूंत दम नाही. सगळं फार लवकर डेटोरेट होतं."

त्याच सुमारास संध्याकाळी वडाळे तळ्याभोवती आमची फेरी चालायची. एकदा चालता चालता ते कठड्याशी थांबले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "प्रोफेसर, एक विचारू? बायको बोलायची कमी होते का हो, वय झालं की?"

मी हसलो. म्हटलं, "तसं असतं तर जगात केवढी शांतता असती."

ते हसले नाहीत. "मी काही बोलतो, ती उत्तरच देत नाही. नुसती हसते, नाहीतर 'हो हो' म्हणते. काल म्हटलं, चार दिवस गणपतीपुळ्याला जाऊन येऊ. तर 'हो, फ्रिजमध्ये ठेवलंय' म्हणाली. माझं बोलणं ऐकण्यासारखं राहिलं नाही बहुतेक. मी घरी बसल्यापासून कंटाळलीय."

मी काहीबाही समजूत घातली. घरी येऊन ही गोष्ट मी हिला सांगितली नाही, कारण साडूने साडूला सांगितलेलं बाहेर काढायचं नसतं, असं मला उगाच वाटलं. आणि हिनेही मला सांगितलं नव्हतं की महिन्यापूर्वी ताई तिच्याजवळ डोळे पुसत म्हणाली होती, "यांचं हल्ली काही खरं नाही गं. तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. आधी कसे दणदणीत बोलायचे. आता माझ्याशी बोलायचाच कंटाळा आलाय त्यांना." एकाच घरातली दोन माणसं एकमेकांवर रुसून बसली होती, दोघांनाही वाटत होतं की दुसरं कंटाळलंय, आणि त्यांची दोन गाऱ्हाणी आमच्या घरात दोन वेगवेगळ्या उशांवर झोपत होती.

ते उलगडलं एका रविवारी. आम्ही जेवायला गेलो होतो. ताई ओट्याशी भाकऱ्या थापत होती आणि ही तिच्या मागे उभी राहून काहीतरी सांगत होती. सांगून झालं तरी ताई वळली नाही. हिने पुन्हा विचारलं. तरी नाही. ही पुढे जाऊन तिच्या समोर उभी राहिली तेव्हा ताई दचकली, "अगं बाई, कधी आलीस आत?" ही हात धुऊन बाहेर आली आणि दादांना म्हणाली, "भाऊजी, ताईला ऐकू येत नाही."

"छे!" दादा म्हणाले. "बेल..." आणि थांबले. मग म्हणाले, "टीव्ही..." आणि पुन्हा थांबले. त्यांच्या मनात टीव्ही, बेल, मोबाइल, कुकर एकामागून एक येत असावेत, कारण त्यांचा चेहरा एकेक पायरी उतरत गेला. ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. ताईची पाठ त्यांच्याकडे होती. नेहमी ते तिला 'अगं' म्हणतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना तिचं नाव घेताना ऐकलं.

"सुमन."

ताई भाकरी थापत होती. ते दोन पावलं पुढे गेले. "सुमन." भाकरी तव्यावर पडली, तिने पाण्याचा हात फिरवला. आणखी दोन पावलं. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ते तिच्या अगदी खांद्याशी होते. ती वळली आणि हसून म्हणाली, "काय हो? भूक लागली?"

दादा "हो" म्हणाले आणि बाहेर गॅलरीत निघून गेले. मी मागोमाग गेलो. गावाकडची बोली त्यांनी कधीच मागे टाकली होती, पण आतून फार हललं की ती परत यायची. "रोज समोर होतो मी," ते म्हणाले. "रोज. आन् कळलंच नाय."

कानाच्या डॉक्टरकडे आम्ही चौघेही गेलो. तिथल्या एका तरुण मुलीने ताईला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर काहीतरी चढवलं, दार लावलं आणि बाहेरून वेगवेगळे आवाज सोडले. ऐकू आला की ताईने हात वर करायचा. दादा काचेला नाक लावून उभे. बराच वेळ ताईचा हात वर होत नसे आणि दादांचा स्वतःचाच हात अर्धवट उठायचा. मग अहवाल आला. दादांनी तो वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढे धरला. दोन्ही कानांत हळूहळू झालेलं 'डिटिरिओरेशन', असं त्यात लिहिलं होतं.

"हा शब्द तोच ना?"

"तोच," मी म्हटलं.

त्यांनी त्या मुलीला विचारलं, "कधीपासून झालं असेल हे?"

"तसं सांगता येत नाही काका," ती म्हणाली. "खूप सावकाश होतं. वयाने होतं. यात कुणाची चूक नसते."

हे वाक्य त्यांनी स्वतः तीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. त्या दिवशी मात्र ते त्यांना पटेना. परतीच्या रिक्षात ते माझ्या कानाशी म्हणाले, "प्रोफेसर, अहवालाखाली सर्व्हेअरची सही असते. एखादं भोक राहून गेलं तर कंटेनरला बोल लावत नाहीत. सर्व्हेअरला लावतात."

इथवर एक वेळ ठीक होतं, पण ताई यंत्र लावायला तयार होईना. "कानात ते बोळं घालून मी हळदीकुंकवाला जाऊ? सगळ्या बघतील. आणि माझं काय अडलंय? घरात छान शांतता आहे." दादांनी विनवण्या केल्या, ही चिडली, मी इंग्रजीतून माहिती वाचून तिचं मराठीत रसाळ निरूपण केलं. काही उपयोग नाही. तेव्हा दादांनी आपला उपाय काढला. एका सकाळी त्यांनी दोन्ही कानांत कापसाचे घट्ट बोळे घातले. ताईने विचारलं, "हे काय?" तर ओरडून म्हणाले, "काय?" तिने पुन्हा विचारलं, ते पुन्हा, "काय?" तेव्हा त्यांनी एका कागदावर लिहून दिलं, 'तुला कसं असतं ते कळू दे मला.'

तिसऱ्या दिवशी आम्ही सहज त्यांच्याकडे गेलो. बेल वाजवली. ती प्रसिद्ध नवी बेल. शेजारच्यांनी दार उघडलं, यांनी नाही. फोन केला, तो आत वाजताना आम्हाला बाहेर ऐकू येत होता. घर तळमजल्यावर, म्हणून वळसा घालून खिडकीशी गेलो. तर आत दोघं जमिनीवर समोरासमोर बसून, मधे परात घेऊन, वाल सोलत होती. टीव्हीवर कुणीतरी बेंबीच्या देठापासून भांडत होतं, स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, आणि ही दोघं एखाद्या बेटावर असावीत तशी निवांत. चोर शिरले असते तर या दोघांनी त्यांनाही सरकून जागा दिली असती आणि पुढ्यात मूठभर वाल टाकले असते. आम्ही गजांतून हात घालून हलवले तेव्हा कुठे ताईचं लक्ष गेलं. दार उघडून तिने आम्हाला पाहिलं, मग करपल्याचा वास आला म्हणून कुकरकडे पाहिलं, मग दादांकडे. दादा अजून शांतपणे दाणे सोलत होते, त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली, त्यांच्या एका कानातला बोळा ओढून काढला, मग दुसऱ्यातला, आणि म्हणाली, "पुरे झालं. इतकं ऐकू येईनासं झालंय होय मला? चला त्या मुलीकडे."

यंत्र आलं आणि पहिले चार-सहा दिवस ताई एखाद्या नव्या गावात आल्यासारखी वावरली. बांगड्या वाजतात याचं तिला नवल वाटलं. पापड मोडला तर म्हणाली, "केवढ्यांदा!" पंखा कुरकुरतो, हे तिने दादांना सांगितलं तेव्हा दादांना आनंद झाला आणि त्यांनी तेल घालायला शिडी आणली. सवयीने ते अजून ओरडूनच बोलायचे आणि ती कानावर हात ठेवून म्हणायची, "हळू हो, हळू. मी इथेच आहे." गणपतीपुळ्याचं पुन्हा निघालं आणि ते चार दिवस जाऊनही आले. समुद्र फार बोलतो, असं ताईचं मत पडलं.

परवा संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. दादा एक यार्डातली गोष्ट सांगत होते, एका कंटेनरमधून परदेशी मांजर निघालं होतं त्याची. आता ते ओरडत नव्हते, नेहमीच्या आवाजात बोलत होते. ताई समोर बसून ऐकत होती, मान किंचित कलती करून, अगदी लक्ष देऊन. मधेच ती म्हणाली, "अहो, तुमचा आवाज असा कधी झाला?"

"कसा?"

"मामंजींचा होता शेवटी, तसा. कापरा."

दादा थांबले. 

"मला आपला तो जुनाच ऐकू येत होता," ताई म्हणाली. "निम्मं कळायचं नाही, ते मी मनाने भरून घ्यायचे ना, ते सगळं तुमच्या पूर्वीच्याच आवाजात."

दादांनी नकळत गळ्यावरून हात फिरवला.  

ताईने त्यांचा चहाचा कप उचलून त्यांच्या हातात दिला. "थांबलात का? बोला ना. पुढे काय झालं त्या मांजराचं?"

दादांनी चहाचा एक घोट घेतला, खाकरून घसा साफ केला आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ती गोष्ट मी निदान वीसदा ऐकली आहे. त्या दिवशी मीही ती ताईसारखीच कान देऊन ऐकली, आणि खरंच, त्यांचा आवाज कापत होता. इतकी वर्षं समोर बसून तो मलाही कधी ऐकू आला नव्हता.